माहेरचा पंखा

मोरा, ता. उरण
३ मे १९६४

चि. गोवर्धन यास मामाचा आशीर्वाद.

मागच्या पत्राला तू उत्तर पाठवलं नाहीस, म्हणजे तब्येत चांगली असणार. आजारी पडलास की तू लगेच लिहितोस.

कळवण्यासारखी गोष्ट एकच. तुझ्या बहिणीच्या घरच्या होडीला इंजिन बसणार. मच्छीमार सोसायटीच्या यादीत मैनाच्या नवऱ्याचं, धर्मराजचं नाव तिसरं लागलं. सोसायटीचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे गावाने माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं. आता पावसाळ्यात होडी वर ओढली की मागच्या अंगाला बुडाशी भोक पाडायचं, त्यातून लोखंडी दांडा बाहेर काढायचा आणि दांड्याच्या टोकाला धातूचा पंखा बसवायचा. तो पाण्यात फिरला की होडी पुढे. धर्मराजची आई शेवंताबाई तीन दिवस जेवणावर रुसली आहे. "धडधाकट होडीच्या बुडाला भोक पाडायचा, आनि वर साहेबाला हार घालायचा. ह्यो कनचा शानपना?" असं विचारते. मी सेक्रेटरी असल्यामुळे हाराचे पैसे देऊन आलो.

असे पंखे तुझ्या रबाळ्याच्या कारखान्यात होतात असं मच्छीमार खात्याचा तोच साहेब म्हणाला. तेव्हापासून मैना बाजारात टोपली खाली ठेवायच्या आधी सांगते, "माझा भाऊस बनवतो." आणि लोक ऐकून घेतात. ज्या गोवर्धनला वल्हं हातात धरलं की वांती व्हायची, ज्याला अख्खा मोरा 'सुका बोंबील' म्हणायचा, त्याच्या हातचं काही समुद्रात जाणार याचं त्यांना नवल वाटतं. मलाही वाटतं, पण मी मामा असल्यामुळे बोलत नाही.

तर हा एक पंखा तू स्वतः कर. धर्मराज आता खांदेरी बेटाच्या पलीकडे खोल पाण्यात जाणार. होडीत तो धरून पाच माणसं असतात, एवढं ध्यानात ठेव.

तुझा मामा
तुळशीराम


दिघा
९ मे १९६४

तीर्थरूप मामांस नमस्कार.

आजारी नाही, तरी लगेच लिहीत आहे.

मैनाचा पंखा सोसायटीच्या यादीतून काढून टाका. तो मी देणार. तिच्या लग्नात मी साधी पितळेची घागर देऊ शकलो नाही, सगळं तुम्ही केलंत. हा पंखा माहेरचा समजा. सुपरवायझरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, रविवारी ये, लेथ मोकळं असतं. मी तपासणीचं विचारलं तर हसले. "घरचं काम, त्याला कसली तपासणी? तू आणि तुझा मेहुणा बघून घ्या." कारखान्यातून तपासल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही मामा. एवढा विश्वास आजवर कोणावर टाकलेला नाही.

गावाला कळू दे म्हणून काम कसं चालतं ते लिहितो. ओतशाळेतून पंखा येतो तेव्हा करपलेल्या कढईसारखा दिसतो. मधलं भोक लेथवर निमुळतं कापायचं, दांड्यावर घट्ट बसेल असं. मग पाती. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती पुढे सरकेल ते पात्याच्या पिळावर ठरतं. तिन्ही पात्यांचा पीळ सारखा हवा. आधी छिन्नी, मग कानस, मग पॉलिश. शेवटी तोल. दोन धारदार पट्ट्यांवर दांडा आडवा ठेवून त्यात पंखा अडकवायचा. जे पातं जड ते आपोआप खाली येतं. त्याला कानस मारायची. जिथे सोडू तिथे पंखा थांबला, की काम झालं.

माझा जोडीदार गोटीराम कारखान्याच्या गावचा, रबाळ्याचाच. कारखाना आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. आमचं लेथ नेमकं बांधावर आहे असं तो सांगतो आणि भाऊबंदकीच्या सवयीने अजून त्याच्या दोन्ही बाजूंना बघतो. तोल पाहताना वारा लागू नये म्हणून तो श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडतो.

बोंबील म्हणणाऱ्यांना नमस्कार सांगा.

गोवर्धन


दिघा
१९ जुलै १९६४

ती. मामा,

पंखा गोणपाटात बांधून गोटीरामबरोबर भाऊच्या धक्क्यावर पाठवला आहे. मोऱ्याच्या लाँचीत तो तुमच्या नावाने चढवेल. उघडताना धारेला हात लावू नका, कापेल.

सात रविवार गेले. पहिलं पातं जड म्हणून घासलं तर दुसरं खाली येई. दुसरं घासलं की तिसरं. नेहमीच्या कामात आम्ही उडदाच्या दाण्याएवढा फरक सोडून देतो, समुद्राला तेवढा कळत नाही. पण मला तो सोडवेना. गोटीराम म्हणाला, "आता पुरे कर, पंखा करतस का पापड लाटतस?" त्याला काय कळणार, त्याच्या जातीत कोणी समुद्रात जात नाही. आता फुंकर मारली तर फिरतो आणि कुठेही थांबतो. ड्रॉइंगमध्ये आहे त्याहून जरा नाजूक झाला असेल. पण असा पंखा आमच्या कारखान्यातून आजवर गेला नाही, हे मी लिहून देतो.

गोवर्धन


मोरा
३० ऑगस्ट १९६४

चि. गोवर्धन,

नारळी पुनवेनंतर चौथ्या दिवशी होडी पाण्यात गेली. आता तिला लाँच म्हणायचं, चुकून होडी म्हटलं तर धर्मराज ओ देत नाही.

पंख्यावरचं गोणपाट काढलं तेव्हा किनाऱ्यावर लग्नाएवढी माणसं होती. शेवंताबाईने पात्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तीस वरसांनी मी माझा तोंड नीट बघितला, तो पन होडीच्या बुडाखाली." मग तिनेच त्याला कुंकू लावलं. शेजारच्या पुतळाबाईच्या मुलाने सोसायटीतून घेतलेला पंखा जाड, काळपट, जात्याच्या तळीसारखा. मैना त्याच्याकडे दुसऱ्याच्या काळ्या सुनेकडे बघावं तशी बघते. शर्यत लागली नव्हती, तरी लागली, आणि पुतळाबाईचा मुलगा अर्ध्या वाटेवर इंजिन तपासण्याचं नाटक करू लागला. धर्मराज म्हणाला, "सुरीवानी जातो पान्यातना."

माहेरच्या वस्तूला सासरी नाव ठेवायचं नाही, ही आपल्यातली रीत तुला माहीत आहे. लुगड्याचा रंग गेला तरी सून म्हणते, ऊन फार होतं. पण तुझ्या पंख्याला नाव ठेवायला जागाच नसल्यामुळे शेवंताबाईची फार पंचाईत झाली आहे. काहीतरी गिळून बसल्यासारखी दिसते.

बोंबील हे नाव गावाने तूर्त मागे घेतलं आहे.

तुळशीराम


मोरा
११ ऑक्टोबर १९६४

चि. गोवर्धन,

इकडे सर्व ठीक. धर्मराज ठीक, मैना ठीक, लाँच ठीक. मासळी मध्यम.

एक विचारायचं होतं. एका माणसाची लाँच आहे. आपल्यातला नव्हे. खाडीच्या तोंडाशी जाळ्यांचे खुंट असतात ना, त्यातल्या एकाला ओहोटीत त्याचा पंखा घासला आणि एक पातं टोकाला वाकलं, कानाची पाळी मुडपावी तसं. त्याने लोहाराकडून ठोकून सरळ करून घेतलं. आता लाँच चालते, पण मागच्या बाजूला बसलं की दात वाजतात. तर असं ठोकलेलं चालतं का? तो माणूस फार साधा आहे, बनवणाऱ्याला विचारायला लाजतो. मी म्हटलं, माझा भाचा त्यातला आहे, सहज विचारून बघतो.

परत सांगतो, आपल्यातला नव्हे.

तुळशीराम


दिघा
१७ ऑक्टोबर १९६४

ती. मामा,

तुमच्या त्या साध्या माणसाला सांगा की लोहाराने विळा ठोकावा. पंख्याचा धातू थंड असताना ठोकला की आतून तडकतो, वरून दिसत नाही. आणि एका खुंटाला घासून पातं मुडपलं म्हणजे तो पंखा कुठल्या तरी गल्लीतल्या भट्टीत ओतलेला असणार. असली कामं करणाऱ्यांचे हात बांधून ठेवले पाहिजेत. गोटीरामला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तो पोट धरून हसला. कोणाचा पंखा आहे त्याचं नाव तरी कळवा, म्हणजे इथे सांगून हसता येईल.

आपला कसा चाललाय ते सविस्तर लिहा. सुपरवायझरसाहेबसुद्धा विचारतात.

गोवर्धन


दिघा
९ नोव्हेंबर १९६४

ती. मामा,

तुम्ही त्या माणसाचं नाव कळवलं नाहीत. असो.

भाऊबीजेला येता आलं नाही, मैनाला समजावा. कामाची गडबड होती. जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीचा पंखा परत आला, एक पातं मुळापासून गेलेलं. सुपरवायझरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून जाडीचा तक्ता दाखवला. पात्याची जाडी मुळाशी किती हवी, मध्ये किती, टोकाला किती. ती कमी पडली की पातं आधी वाकतं आणि मग जातं, असं म्हणाले. तीन वर्षं तो तक्ता माझ्या डोक्यावरच्या भिंतीला आहे.

ते जाऊ द्या. लिहायचं कारण वेगळंच. मैनाचा पंखा एकदा काढून परत पाठवा. खाऱ्या पाण्याने चकाकी गेली असेल, पुन्हा पॉलिश करून देतो. तोवर सोसायटीचा एखादा जाड पंखा लावा. आणि मधल्या काळात धर्मराजने फार लांब जाऊ नये, उगाच चकाकी जाते.

लवकर करा.

गोवर्धन


मोरा
१४ नोव्हेंबर १९६४

चि. गोवर्धन,

तुझं पत्र वाचून मी मनात म्हटलं, या पोराला त्याच्या पंख्याचं वेड लागलं. अरे, पाण्याखाली चकाकी बघायला कोण बसलंय? एखादा पापलेट क्षणभर थांबून भांग पाडत असेल तर असेल.

पाठवता येणार नाही. ऐन हंगाम आहे, पंखा काढायचा म्हणजे लाँच वर ओढायची. मैनाला विचारलं. ती म्हणाली, "भावाला सांगा, पंखा झ्याक हाय, कनाला तरास घेतोस?" आणि आत गेली. धर्मराजला विचारलं, तो जाळ्याची गाठ सोडवत बसला. ती गाठ मला दिसली नाही. पण चष्म्याचा नंबर वाढला असेल.

पुतळाबाईच्या मुलाला खांदेरीच्या पलीकडे मासळी लागली आहे. धर्मराज पुढच्या आठवड्यात तिकडेच निघेल. त्याला अडवणं तुझ्याच्याने होणार नाही आणि माझ्याच्यानेही. तुझ्या चकाकीच्याने तर मुळीच नाही.

तुळशीराम


मोरा
६ डिसेंबर १९६४

चि. गोवर्धन,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

पाचही माणसं जिवंत आहेत, हे आधी वाच आणि मग पुढे जा.

गेल्या रविवारी खांदेरीच्या बाहेर लाटा चढल्या. तशात पंख्याचं एक पातं तुटून गेलं. उरलेली दोन पाती घेऊन दांडा वेड्यासारखा थडथडायला लागला आणि बुडाशी, जिथून तो बाहेर जातो तिथलं लाकूड फाटलं. पाणी आत यायला लागलं. इंजिन बंद करायचं सोडून धर्मराज चिंध्या घेऊन खाली उतरला. इंजिन बंद केलं तर लाटा आडव्या पाडतील असं त्याला वाटलं. फिरत्या दांड्याने त्याची बाही धरली. चौघांनी बादल्यांनी पाणी उपसलं. पुतळाबाईच्या मुलाने दोर टाकून त्यांना ओढत आणलं, त्याच्या त्या जात्याच्या तळीने.

उजवा हात मनगटापासून गेला. मुंबईच्या इस्पितळात आहे. ताप उतरला. बोलतो कमी.

आता मी काय लपवलं ते लिहितो. ऑक्टोबरमध्ये ज्याचं विचारलं होतं तो आपल्यातलाच. खुंटाला घासलेला पंखा तुझा होता. तुला कळवू म्हणून मी उठलो तर मैना दारात आडवी उभी राहिली. "माहेरच्या वस्तूला नाव ठेवलाव असा गावात झाला तर मी तोंड कना दाखवू?" म्हणून मी तो आडवळणाचा कागद लिहिला. त्याला तुझं उत्तर आलं ते वाचून तर तोंडच बंद झालं. आणि तू पंखा परत मागितलास तेव्हा पाठवणार कसा? लोहाराच्या हातोड्याचे वळ त्याच्यावर होते.

धर्मराज म्हणतो, मी ठोकून घेतला म्हणून तुटला, माझ्या पापाने माझा हात गेला. तू लिहिलंच होतंस, थंड ठोकला की तडकतो. तेव्हा तुझ्याकडे बोट नाही. तुझा पंखा चांगला होता, आम्ही बिघडवला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुळशीराम


दिघा
११ डिसेंबर १९६४

ती. मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. दोन दिवस खिशातच होतं. त्यात मी सुटलो होतो. काही लिहायची गरज नव्हती. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला चांगला माणूस ठरवलं होतं.

मामा, पंखा चांगला नव्हता. तो टगबोटीचा पंखा आला त्या संध्याकाळी मी माझ्या वहीत पाहिलं. घासताना मी पात्यांची मापं लिहिली होती. टोकाला तीन सूत जाडी हवी तिथे मी दीड ठेवली होती. तीन सूत असती तर खुंटाला घासून खरचटला असता, मुडपला नसता. मुडपला नसता तर धर्मराजला लोहाराकडे जावं लागलं नसतं. ठोकल्याने तडकला हे खरं, पण त्याच्यावर ठोकायची पाळी मी आणली.

मी तोल साधत बसलो. तोल एवढा साधला की पंख्यात पंखाच उरला नाही. माझ्या हातचं समुद्रात जाणार, ते पाहून मोऱ्याची माणसं गप्प बसणार, एवढंच डोळ्यांपुढे होतं. धर्मराज त्यावर बसून जाणार हे मी विसरलो नव्हतो, पण ते दुसरं होतं. पहिलं मोऱ्याचं गप्प बसणं.

आणि कळल्यावर? मी पॉलिशचं लिहिलं. 'पंखा पातळ झाला आहे, तो लावून जाऊ नका' एवढं लिहायला एक ओळ पुरली असती. ती ओळ मी लिहिली होती, त्या कागदाने मी नंतर यंत्राचं तेल पुसलं.

धर्मराजला असं वाटू देऊ नका की हात त्याच्या चुकीने गेला. हे पत्र मैनाला, त्याला, शेवंताबाईला, सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. तुमच्या पद्धतीने गोड करू नका.

गोवर्धन


मोरा
२७ डिसेंबर १९६४

गोवर्धन भावास,

मी मैना. हे मी सवताच लिवते. बायांच्या रात्रीच्या वर्गात शिकले, मामाला माहीत नव्हता. तो लिवताना गोड करतो नाय तर कडू करतो, म्हनून त्याला दिला नाय.

मामाने तुझा पत्र वाचला. सगली बसली होती. हे घरी आयले त्याच दिवशी वाचला. सासू मधीच उठली, भांडी घासायला लागली, घासलेलीच परत घासली. ह्यांनी सगला ऐकला. मग म्हनाले, "परत वाच." परत वाचला. मग म्हनाले, "म्हंजे माझ्या एकट्याचा नव्हता." आनि जेवायला मागितला. हात गेल्यापासना पयल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या, डाव्या हाताने. हातातना पडल्या पन खाल्ल्या.

मना राग हाय. तो जाईल असा तू समजू नको. पन मी आडवी उभी राहिले, तो पन तुला सांगते. होडी थडथडायची तवा मना रोज कळायचा. मी रोज म्हनायचे, पंखा झ्याक हाय. बाजारात पन, घरात पन. मामाने तुला लिवला असता तर हात ऱ्हायला असता. मी भावाचा नाव जपला.

आता पुढचा. लाँच वर काढलीय, लाकूड बदलताव. हे म्हनतात, सुकानूवर डावा हात पुरतो, जाळी चौघे ओढतील. मी पन जानार. सासू म्हनते बाईमानूस लाँचीवर चढली तर मासे पलतील. मी म्हटला, पलू देत, आदी पंखा तरी लागू दे.

तर पंखा पायजे. दुसऱ्या कोनाचा नको, तुझाच पायजे. तक्त्यात जेवढा जाड लिवलाय तेवढा कर, एक केस कमी नको. काळा असला तरी चालंल. साहेबाला सांग माप घ्यायला, घरचा म्हनून सोडू नको म्हनावा.

आनि भाऊ, ह्या वेलेला माहेरचा म्हनून धाडू नको. सोसायटीच्या नावाने धाड, आनि वर पावती लाव. पावती असली म्हंजे मना भांडता येईल.

मैना